दुर्गेचे नाव लाभलेला जीव आणि हरवलेल्या फांद्या

ओडिशातल्या बालासोरच्या किनाऱ्यावर भरतीच्या पाण्याबरोबर नाल-खेकडे वाळूत अंडी घालायला येतात. इंग्रजीत त्यांना हॉर्सशू क्रॅब म्हणतात, पण ते खेकडे नव्हेत. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या मोठ्या गटात येतात, त्या केलिसरेट गटाचे ते समुद्रात राहिलेले नातलग आहेत. आज जगात त्यांच्या चारच जाती उरल्या आहेत. एक उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर राहते, तीन आशियात. आशियातल्या तिघींपैकी दोन भारताच्या पूर्व किनाऱ्यावर, ओडिशा आणि पश्चिम बंगालमध्ये सापडतात. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर हा प्राणी येत नाही. तरी त्याच्यावरचे भारतातले बरेच महत्त्वाचे संशोधन गोव्यातून, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून झाले. २००९ साली वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले.

वरून पाहिले तर पाठीवरच्या गोलसर ढालीपलीकडे काही दिसत नाही. शरीररचना कळते ती प्राणी उलटा केल्यावर. सगळ्यांत पुढे केलिसेरा नावाच्या छोट्या नांग्यांची जोडी असते आणि तिच्यामागे पायांच्या पाच जोड्या. तोंड या पायांच्या मधोमध असते. वेगळा जबडा नसतो. पायांच्या मुळाशी असलेले काटेरी भाग अन्न चिरडतात आणि तोंडाकडे ढकलतात, म्हणजे चालणे आणि चावणे ही दोन्ही कामे त्याच अवयवांची. मागच्या धडाखाली पाय दिसतच नाहीत. तिथे रुंद, चपट्या पडद्यांच्या जोड्या असतात. पहिली जोडी जननेंद्रियांवरचे झाकण, आणि पुढच्या पाच जोड्यांच्या आत पातळ पापुद्र्यांचे थर रचलेले कल्ले. थोडक्यात, पुढे नुसते पाय आणि मागे नुसते पडदे. एकाच प्राण्याच्या दोन टोकांचे अवयव इतके वेगळे का?

या प्रश्नाचे उत्तर इंग्लंड आणि वेल्सच्या सीमेवरच्या हेरफर्डशर परगण्यातून आले. सुमारे ४२.५ कोटी वर्षांपूर्वी, सिल्युरियन कालखंडात, तिथे राहणाऱ्या एका लहानशा जीवाने ते दिले. त्याचे शास्त्रीय नाव डायबास्टेरियम दुर्गी. यातला दुसरा शब्द आपल्या दुर्गेवरून घेतलेला आहे. तिच्या अनेक हातांची आठवण व्हावी इतके अवयव या जीवाला होते. सप्तशृंगीच्या गडावर अठरा भुजांची देवी पाहिलेल्या वाचकाला ही निवड चपखल वाटेल. मात्र नुसता अवयवांचा आकडा मोठा म्हणून हा जीव महत्त्वाचा ठरत नाही. ते अवयव शरीरावर कसे आणि कुठून उगवले होते, यात त्याचे महत्त्व आहे.

त्यासाठी संधिपाद प्राण्यांच्या पायाची मूळ घडण समजून घ्यावी लागते. कोळंबी सोलताना तिच्या पोटाखालचे छोटे, पातळ पाय एकदा नीट पाहावेत. प्रत्येक पायाला एक देठ असतो आणि त्या देठातून दोन पाती निघतात. हा द्विशाखी अवयव. संधिपादांच्या अगदी जुन्या पूर्वजांत डोक्यावरची पहिली जोडी सोडली, तर पुढून मागेपर्यंत साधारण असेच पाय ओळीने होते. आतली फांदी चालण्यासाठी आणि बाहेरची पोहण्यासाठी किंवा श्वसनासाठी. ट्रायलोबाइटांच्या उत्तम टिकलेल्या जीवाश्मांत ही जोडरचना स्पष्ट दिसते. पुढे वेगवेगळ्या शाखांनी या मूळ नमुन्यात आपापले बदल केले. झुरळाच्या किंवा मुंगीच्या पायाला आज एकच फांदी आहे, कोळ्याच्या पायालाही एकच.

आता नाल-खेकड्याकडे परत पाहू. पुढच्या भागात त्याने आतली फांदी ठेवली आणि बाहेरची गमावली, म्हणून तिथे नुसते पाय आहेत. मागच्या भागात नेमके उलटे झाले. बाहेरची फांदी पडदा आणि कल्ला होऊन राहिली, आतली जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याचा जवळजवळ प्रत्येक अवयव हा एका जुन्या जोडअवयवाचा अर्धा भाग आहे. प्राणिशास्त्रज्ञांना हा तर्क पूर्वीपासून मान्य होता. अडचण पुराव्याची होती. पुढच्या पायांच्या दोन्ही फांद्या शाबूत असलेला नातलग दाखवता येत नव्हता, कारण खडकात टिकते ती बहुधा पाठीची ढाल. पोटाखालचे नाजूक अवयव मेल्यावर थोड्याच काळात कुजून जातात.

मला नेहमी वाटते की नाल-खेकड्याला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याची सवय इथे आडवी येते. त्याच्या ढालीचा आकार जुना आहे, हे खरेच. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात सापडलेला लुनाटास्पिस सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याची पाठ आजच्या नाल-खेकड्याची आठवण करून देते. जर्मनीतल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीतला सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा मेसोलिमुलस तर आजच्या प्राण्याशेजारी ठेवला तरी खपून जाईल. पण पाठ तशीच राहिली म्हणून पोटाखालीही काही बदलले नाही, हा निष्कर्ष निघत नाही. जे जुने दिसते ते अपरिवर्तित असते, हा समज या प्राण्याच्या बाबतीत आपण फार सहज पसरवला. त्याच्या शरीराचा खरा इतिहास पायांत होता आणि पाय तर जीवाश्मांत दिसतच नव्हते.

हेरफर्डशरमध्ये ते दिसले, याला एक ज्वालामुखी कारणीभूत आहे. सिल्युरियन काळात हा भाग समुद्राखाली होता आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उष्ण पट्ट्यात होता. ज्वालामुखीची बारीक राख पाण्यातून खाली बसली आणि तळावरचे छोटे जीव जिथल्या तिथे गाडले गेले. राखेने त्यांच्या शरीराचा अचूक ठसा घेतला. आतले मांस कुजले, त्याची पोकळी उरली आणि त्या पोकळीत कॅल्साइटचे स्फटिक भरले. याच सुमारास भोवतालच्या राखेत चुन्याचे कठीण गोटे घडत गेले. पुढच्या कोट्यवधी वर्षांत वरच्या थरांच्या दाबाने बाकीची राख चेपली, पण गोट्यांच्या आतले जीव चपटे झाले नाहीत. इटलीत पॉम्पेईच्या राखेतल्या माणसांच्या पोकळ्यांत ज्युसेप्पे फियोरेली यांनी १८६३ साली प्लास्टर ओतून त्यांचे आकार मिळवले होते. हेरफर्डशरमध्ये ते काम निसर्गाने कॅल्साइट वापरून आधीच करून ठेवले होते, आणि तेही मिलिमीटरच्या अंशापर्यंतच्या बारकाव्यांसकट.

हे गोटे प्रथम ओळखीस आणले रॉबर्ट किंग या खनिजतज्ज्ञांनी. त्यांनी जमवलेल्या नमुन्यांमधून लेस्टर आणि ऑक्सफर्डच्या जीवाश्मतज्ज्ञांच्या लक्षात आले की आत असाधारण काही दडले आहे. डेरेक ब्रिग्ज आणि डेव्हिड व डेरेक सिव्हेटर बंधूंनी १९९६ साली ‘नेचर’मध्ये या ठेव्याची पहिली बातमी दिली. मार्क सटन हे त्यानंतर या कामात आले.

गोटा फोडला की पृष्ठावर कॅल्साइटचा एखादा पांढुरका ठिपका किंवा रेघ दिसते. आत काय आहे ते त्यावरून कळत नाही. गोटाही चुनामय आणि जीवाश्मही कॅल्साइटचा. दोघांची घनता इतकी जवळची की क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनमध्ये ते एकमेकांपासून वेगळे निघत नाहीत. सुईने खरवडून काढावे, तर केसाएवढ्या अवयवांचा चुरा होतो. म्हणून या संशोधकांनी एक जुना आणि काहीसा निर्दय मार्ग धरला. सहाणेवर चंदन उगाळावे तसा जीवाश्म उगाळायचा. मिलिमीटरचे पन्नास भाग केले तर त्यातला एक भाग, म्हणजे २० मायक्रॉन, किंवा फार तर ३० मायक्रॉन इतकाच थर घासून काढायचा. उघडा पडलेला पृष्ठभाग धुवायचा, त्याचा फोटो घ्यायचा आणि पुन्हा घासायचे. एका जीवासाठी असे शेकडो छेद घ्यावे लागतात. मग संगणकावर प्रत्येक छेदातली जीवाश्माची कडा ठरवायची. कुठे पाय संपतो आणि कुठे खनिजाचा डाग सुरू होतो, हा निवाडा माणसालाच करावा लागतो. सगळे छेद एकावर एक रचले की प्राणी पडद्यावर उभा राहतो. तो फिरवता येतो, उलटा करता येतो, आणि त्याचा एखादा अवयव बाजूला काढून त्यामागचे पाहता येते. यासाठी लागणारी संगणक प्रणालीही सटन यांनी सहकाऱ्यांसह घडवली.

या पद्धतीचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्डमध्ये आहे. विल्यम सोलास तिथे जीवाश्म थराथराने घासत, प्रत्येक छेदाची नोंद ठेवत आणि त्यावरून मेणाच्या पातळ पट्ट्या कापून मोठी प्रतिकृती उभी करत. मेणाच्या जागी संगणक आला, इतकाच फरक. किंमत मात्र तीच राहिली. काम संपते तेव्हा जीवाश्म संपलेला असतो. संग्रहालयात उरतात ती छायाचित्रे आणि त्यांवरून बांधलेली आभासी आकृती. ज्या शास्त्रात मूळ नमुना हाच अंतिम पुरावा मानला जातो, तिथे हा निर्णय हलका नाही. तरीही तो योग्य होता असे मला ठामपणे वाटते. गोट्यात न उघडता ठेवलेला जीव कोणालाच काही सांगत नव्हता, आणि छेदांची चित्रे जपलेली असल्याने दुसऱ्या अभ्यासकाला त्यांचा नवा अर्थ लावता येतो. मात्र अशा नमुन्यावर दुसरी संधी मिळत नाही, आणि प्रत्येक थर घासताना त्या माणसांच्या मनावर हे ओझे असणारच.

या रीतीने डायबास्टेरियम उभा राहिला. ब्रिग्ज, सिव्हेटर बंधू, सटन, रसेल गारवुड आणि डेव्हिड लेग यांनी २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. त्याच्या डोक्यावर रुंद ढाल आहे. मागच्या धडाचे खंड आजच्या नाल-खेकड्यासारखे एकजीव झालेले नाहीत, सुटे आहेत, आणि टोकाला शेपटीचा काटा आहे. केलिसेरांची जोडी अनपेक्षित निघाली. कोळ्यात हीच जोडी विषारी दात होते, नाल-खेकड्यात आखूड नांगी. इथे मात्र ती लांब, सडपातळ आणि लवचीक आहे, एखाद्या कीटकाची स्पर्शिका असावी अशी.

केलिसेरांच्या मागे, ज्या भागात आजच्या नाल-खेकड्याला नुसते पाय आहेत, तिथे डायबास्टेरियमला दोन्ही फांद्या आहेत. आतली फांदी भक्कम आणि सांध्यासांध्यांची आहे, चालण्यासाठी आणि अन्न हाताळण्यासाठी योग्य. बाहेरची फांदीही तितकीच भक्कम आणि सांध्यांची आहे. हा तपशील फार मोलाचा. कँब्रियन काळातल्या संधिपादांत बाहेरची फांदी बहुधा चपटी, झालर लावलेल्या पात्यासारखी असते. खऱ्या अर्थाने दोन पायांचा जोड म्हणावा असा अवयव फक्त खेकडे, कोळंबी आणि कीटक यांच्या बाजूच्या शाखेत होता, अशी एक समजूत त्यामुळे होती. कोळी-विंचवांच्या शाखेतही तो एकेकाळी होता, हे या जीवाने दाखवून दिले.

दुसरी गोष्ट मात्र कोणी गृहीतच धरली नव्हती. कोळंबीच्या पायात दोन्ही पाती एकाच देठातून निघतात. डायबास्टेरियममध्ये तसे नाही. आतली फांदी आतल्या बाजूला शरीराला जोडलेली आहे आणि बाहेरची तिच्यापासून सुटी, कडेच्या बाजूला. दोघींची मुळे वेगळी. इतक्या बारीक तपशिलाची खात्री करायची तर अवयव शरीराला नेमका कुठे चिकटतो ते थराथराने पाहावे लागते. उगाळण्याच्या कष्टांचे चीज इथे झाले.

मुळे वेगळी असण्याला महत्त्व यासाठी की त्यामुळे हरवण्याची रीत कळते. संधिपादांच्या भ्रूणात अवयव कुठे फुटायचा हे ठरावीक जनुके ठरावीक ठिकाणी जागी होण्यावर अवलंबून असते. डिस्टल-लेस नावाचे जनुक पायाचा कोंब शरीरापासून बाहेर वाढायला लावते. झुरळापासून कोळ्यापर्यंत ते हेच काम करते. दोन्ही फांद्या एका देठावर असतील तर त्यांपैकी एक काढण्यासाठी अवयवाच्या आतल्या फाटाफुटीत बदल करावा लागेल. पण त्या दोन स्वतंत्र जागी उगवत असतील, तर बाहेरच्या जागेवरचे जनुक जागे झाले नाही की पुरे. आतला पाय जसाच्या तसा राहतो आणि बाहेरचा कोंब फुटतच नाही. जनुकांचे असे दबणे किंवा गप्प होणे यातूनच आजच्या नाल-खेकड्याचे पाय घडले असावेत, असे या संशोधकांनी सुचवले. ४२ कोटी वर्षांपूर्वीच्या जनुकांचा पुरावा खडकात मिळत नाही, त्यामुळे ही सूचनाच आहे. पण शरीराची रचना तिच्याशी जुळते, आणि माझ्या मते या शोधातला सर्वांत सुंदर विचार हाच आहे. उत्क्रांती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नवे काही मिळवणे येते, पंख, डोळे, विष. नाल-खेकड्याचे शरीर मात्र वजाबाकीने घडलेले आहे.

डायबास्टेरियम त्या ठेव्यात एकटा नव्हता. अवघ्या काही मिलिमीटरचा ऑफाकोलस किंगी तिथलाच. त्याचे वर्णन २००० साली झाले. नावात मर्सियाचा राजा ऑफा आहे आणि रॉबर्ट किंगही. त्याच्याही पायांना बाहेरची फांदी आहे. त्याच गोट्यांतून एक आद्य सागरी कोळी निघाला, आणि अंगाला बांधलेल्या दोऱ्यांवर पिले वागवणारा अक्विलोनिफर निघाला. खालिद हुसेनी यांच्या पतंगवाल्या मुलांच्या कादंबरीची आठवण ठेवून त्याला ते नाव दिले आहे. पिले दोऱ्यांना बांधून फिरणारा प्राणी नुसत्या कवचावरून कोणाला सुचला असता? या ठेव्यातला जवळजवळ प्रत्येक जीव अशी काही माहिती देतो जी कवचात लिहिलेली नसते.

आता एक वाद. २०१२ च्या लेखात डायबास्टेरियमला नाल-खेकडाच म्हटले होते. दुसऱ्याच वर्षी जेम्स लॅम्सडेल यांनी पुराजीव महाकल्पातल्या तथाकथित नाल-खेकड्यांची फेरतपासणी केली. सुट्या खंडांचे हे जुने प्राणी केवळ ढालीच्या साम्यामुळे एकत्र ठेवले गेले आहेत, ते सगळे एका वंशाचे नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या वंशवृक्षांत डायबास्टेरियम आणि ऑफाकोलस नाल-खेकड्यांच्या फांदीवर नाहीत. नाल-खेकडे, विंचू आणि कोळी यांच्या समाईक बुंध्याजवळून निघालेल्या एका जुन्या फांदीवर ते आहेत.

हे ऐकून या शोधाचे महत्त्व कमी झाले असे एखाद्याला वाटेल. ते उलट वाढले आहे. डायबास्टेरियम फक्त नाल-खेकड्यांचा असता, तर जोडपाय ही त्या एका कुळाची बाब राहिली असती. तो बुंध्याजवळचा असेल तर कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या पूर्वजालाही दोन फांद्यांचे पाय होते, आणि त्या सगळ्यांनी पुढच्या पायांची बाहेरची फांदी गमावली. मागच्या धडावर बाहेरची फांदी काही ठिकाणी टिकलीही. विंचवाच्या आणि अनेक कोळ्यांच्या पोटात असलेली थराथरांची फुप्फुसे ही नाल-खेकड्याच्या कल्ल्यांशी नाते सांगणारी रचना मानली जाते.

मग पुढच्या पायांची ही बाहेरची फांदी किती काळ टिकली? २०२४ साली मोरोक्कोच्या फेझुआटा खडकांतल्या सेटापेडाइट्स नावाच्या जीवाचे वर्णन छापून आले. तो सुमारे ४७.८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि त्याला डायबास्टेरियम व ऑफाकोलस यांच्याच कुळात ठेवले गेले आहे. त्याच्याही पुढच्या पायांना दोन फांद्या आहेत. तिथपासून हेरफर्डशरच्या राखेपर्यंत पाच कोटी वर्षांहून अधिक काळ जातो. एवढा काळ टिकलेल्या या शरीररचनेला अर्धवट किंवा मधली पायरी म्हणता येत नाही. ती त्या काळातली एक पूर्ण, चालती-फिरती आणि यशस्वी रीत होती.